पगाराचा हिशेब शिकू या

बचत गटाची वही लिहिणाऱ्या बायका आपल्याकडे गावोगाव आहेत. कुणाची बचत किती, कर्ज किती उरले, व्याज किती झाले, हे त्या विचारल्याबरोबर सांगतात. आज आपण त्याच वहीच्या पुढच्या पायरीबद्दल बोलू. ती म्हणजे पगारपत्रक करणे. कचेरीत त्याला 'पेरोल' म्हणतात. काजूचा कारखाना असो, द्राक्षाचे पॅकहाऊस असो, शाळा असो की दवाखाना, दर महिन्याला तिथे कुणीतरी हजेरी मोजते आणि पगार काढते. हे काम शिकता येते. त्याचे प्रमाणपत्रही मिळते. आणि बराचसा अभ्यास आपला आपण करता येतो. आमच्या गटातल्या पाच जणी संध्याकाळची कामे उरकून एकाच संगणकावर तो करतो आहोत.

आधी हे सांगू, की हे काम नीट होणे इतके महत्त्वाचे का आहे. राज्य कामगार विमा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, त्यात वर्षाचे दोन भाग असतात. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी विम्यातून २६ आठवड्यांचा पगारी लाभ मिळतो. पण त्यासाठी आधीच्या दोन भागांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. समजा, एखादी बाई ७२ दिवस कामावर आली आणि कारकुनाने पाच दिवस मांडलेच नाहीत. कागदावर उरले ६७. तिचा हक्क एका चुकीच्या आकड्यावर अडकला. म्हणून पगारपत्रक करणाऱ्या हाताला नियम माहीत हवेत. नुसती बटणे दाबता येऊन भागत नाही.

अभ्यासाची सुरुवात संगणकावर करू नका. वही आणि पेन घ्या. तीन कपाती आधी समजून घ्या.

पहिली, भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कामगाराच्या पगारातून जाते. तेवढीच मालक स्वतःच्या खिशातून भरतो. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाच्या खात्यात आणि उरलेले पीएफमध्ये जातात. सक्तीच्या वर्गणीसाठी आज पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे.

दुसरी, ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. पैशांत रक्कम आली तर ती पुढच्या पूर्ण रुपयावर नेतात.

तिसरी, व्यवसाय कर. हा राज्याचा कर आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. पुरुषाला मात्र १०,००० च्या वर पगार गेला की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये बसतात.

आता एक उदाहरण वहीत उतरवून घ्या. एका ताईंचा मूळ पगार ९,३०० आणि महागाई भत्ता ४,६५०. एकूण १३,९५०. जुलै महिना, दिवस ३१. म्हणजे दिवसाला ४५० रुपये पडले. त्यांची तीन दिवस बिनपगारी रजा झाली. उरले २८ दिवस. २८ गुणिले ४५०, झाले १२,६००. पीएफचे १२ टक्के, १,५१२ रुपये. ईएसआयचे ९४ रुपये ५० पैसे, म्हणजे ९५ रुपये. व्यवसाय कर नाही. हातात आले १०,९९३ रुपये.

हे झाले ताईंचे. मालकाकडून पीएफचे आणखी १,५१२ जातात, त्यातले १,०५० निवृत्तिवेतनाला आणि ४६२ पीएफला. ईएसआयचे ४१० जातात. पीएफचा थोडा प्रशासकीय खर्च आणि विम्याची वर्गणीही मालकच भरतो. ही रक्कम ताईंच्या पगारातून कापायची नसते. पगारचिठ्ठी वाचताना हे आवर्जून पाहा.

असे दहा हिशेब हाताने जमले, की संगणकाकडे वळा. आम्ही टॅली प्राईमवर शिकतो, कारण आपल्या भागातल्या बहुतेक दुकानांत आणि लेखापालांकडे टॅलीच असते. शिकण्यासाठी ते विकत घ्यावे लागत नाही. उतरवून घेतल्यावर 'एज्युकेशनल मोड' निवडला की फुकट चालते. अट एवढीच, की नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या करता येतात. म्हणून सरावाला ३१ दिवसांचा महिना घ्या. वरचे उदाहरण आम्ही जुलैचे घेतले ते त्यासाठीच.

कामाचा क्रम ध्यानात ठेवा. आधी एक सरावाची कंपनी उघडा. एफ ११ दाबून पेरोल आणि त्याच्या कायदेशीर कपाती सुरू करा. मग कामगारांचे गट करा, जसे पॅकिंग, सफाई, कार्यालय. मग एकेका कामगाराची माहिती भरा. इथे स्त्री की पुरुष हा रकाना घाईने भरू नका. तो चुकला तर माफ असलेला व्यवसाय कर बाईच्या पगारातून कापला जाऊ शकतो. त्यानंतर हजेरीचे प्रकार ठरवा, म्हणजे हजर आणि बिनपगारी रजा. मग 'पे हेड' तयार करा. मूळ पगार एक, महागाई भत्ता दुसरा, पीएफ तिसरा, असे प्रत्येक रकमेचे वेगळे खाते. मग कुणाला कोणती रक्कम किती, हे पगाराच्या तपशिलात भरा.

एवढी तयारी एकदाच करायची. पुढे दर महिन्याला दोनच नोंदी, आधी हजेरीची आणि मग पगाराची. पगारचिठ्ठी संगणक काढून देतो. ती वहीतल्या हिशेबाशी ताडून पाहा. आमच्यात नियम आहे, की एकीने संगणकावर केलेला हिशेब दुसरीने हाताने करायचा. आकडा जुळला नाही तर कुठे बिघडले ते दोघींनी शोधायचे. शिकणे खरे त्या शोधण्यात होते.

नंतर अवघड उदाहरणे घ्या. कुणी महिन्याच्या मध्ये कामावर लागली. कुणी काम सोडले. कुणाचा पगार जूनमध्ये वाढून २१,००० च्या पुढे गेला. या शेवटच्या बाबतीत ईएसआय लगेच थांबत नाही, तो भाग संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत चालू राहतो. आणि एक तारीख पाठ करा. पीएफ आणि ईएसआय दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो.

प्रमाणपत्राबद्दल. एमकेसीएलच्या केंद्रांवर टॅलीचे अभ्यासक्रम चालतात. टॅली कंपनीच्याही स्वतःच्या प्रमाणपत्र परीक्षा आहेत. पण फी भरण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागा आणि त्यात पेरोलचा धडा आहे का, ते बोट ठेवून पाहा. काही अभ्यासक्रम जीएसटीपर्यंतच थांबतात. दर आणि मर्यादा सरकार बदलते, म्हणून परीक्षेआधी पीएफ आणि ईएसआयच्या सरकारी संकेतस्थळांवर ते तपासा. जुन्या पुस्तकावर विसंबू नका.

मैत्रिणींनो, नोकरी मिळायला वेळ लागेलही. पण हा अभ्यास पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो. गटातल्या ज्या बायका कारखान्यात जातात त्यांना पगारचिठ्ठी घेऊन बोलवा. कापलेला पीएफ खरोखर भरला गेला का, हे ज्या-त्या बाईच्या यूएएन क्रमांकावरून पासबुकात दिसते. पुढच्या बैठकीत एक तास त्यासाठीच ठेवा. वही, पेन आणि चिठ्ठी, एवढ्यावर सुरुवात होते.