केबल दूरचित्रवाणी मानके : उत्पादकांचा सहभाग

केबल दूरचित्रवाणीच्या जाळ्यातील उपकरणे, संदेश व जोडण्या यांचे स्वरूप ठरविणाऱ्या लेखी तांत्रिक नियमांना केबल दूरचित्रवाणी मानके म्हणतात. मुख्य केंद्रातील प्रेषण सामग्री, मार्गातील विवर्धक, समाक्ष केबलीचे जोड आणि ग्राहकाच्या घरातील संच-पेटी वा मोडेम ही साधने बहुधा निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात. ती एकमेकांशी जुळावयाची, तर मोजमापे व संदेशांची रचना आधीच ठरलेली असावी लागते. हे ठरविण्याच्या कामात उपकरणांचे उत्पादक कशा प्रकारे भाग घेतात, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

मानके नव्हती तेव्हा केबल चालकाने एकदा एका उत्पादकाची सामग्री घेतली, की पुढील सर्व खरेदी त्याच्याकडूनच करावी लागे. बांधलेला ग्राहक उत्पादकाला लाभदायक असतो. परंतु बाजारपेठ त्यामुळे लहान राहते व नव्या उत्पादकाला तीत प्रवेश मिळत नाही. मानकामुळे बाजारपेठ विस्तारते, पण स्पर्धाही वाढते. म्हणून मानक असावे की नाही, यापेक्षा ते कोणाच्या तंत्रावर आधारलेले असावे, हाच उत्पादकांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असतो.

सहभागाचे मार्ग : उत्पादकांना मुख्यतः दोन मार्ग उपलब्ध असतात. पहिला मार्ग खुल्या समितीचा होय. अमेरिकेत केबल अभियंत्यांची संस्था (एससीटीई) १९६९ साली स्थापन झाली व पुढे तिला अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. तिच्या समित्यांत उत्पादक व केबल चालक या दोघांनाही मत असते. मसुद्यावर मतदान होते, विरोधी मताची कारणे लेखी द्यावी लागतात आणि समितीला त्यांचा विचार करावा लागतो. केबलीच्या टोकाचा स्क्रूचा जोड, तसेच कार्यक्रमात जाहिरात घालण्याची वेळ दर्शविणारा संदेश यांची मानके या संस्थेने तयार केली आहेत.

दुसरा मार्ग ग्राहकांनी चालविलेल्या संस्थेचा होय. अमेरिकेतील केबल चालकांनी १९८८ साली केबललॅब्ज ही संशोधन संस्था स्थापन केली. तिचे सदस्यत्व केबल चालकांपुरतेच आहे. उत्पादक करारपत्रावर सही करून तिच्या कार्यगटांत बसतात, मसुदे लिहितात व सूचना करतात. अंतिम निर्णय मात्र चालकांचा असतो. (एससीटीई २०२१ पासून केबललॅब्जची उपसंस्था झाली आहे.)

केबल मोडेमचे उदाहरण : या दोन पद्धतींतील फरक केबल मोडेमच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. केबलीवरून संगणकीय माहिती दोन्ही दिशांनी पाठविण्याचे मानक तयार करण्यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९४ साली ८०२.१४ हा कार्यगट नेमला. त्यात प्रतिस्पर्धी उत्पादकांचे प्रतिनिधी होते व प्रत्येकाचा आग्रह स्वतःच्या तंत्रासाठी होता. चर्चा लांबत गेली. अखेर काही मोठ्या केबल चालकांनी एकत्र येऊन स्वतःच विनिर्देश लिहवून घेतले. डॉक्सिस या नावाने ओळखले जाणारे हे विनिर्देश मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाने त्यांना मान्यता दिली. आयईईईचा कार्यगट २००० साली विसर्जित झाला. खरेदीदारांचे एकमत झाल्यावर विक्रेत्यांच्या समितीला फारसा अर्थ उरला नाही.

विनिर्देश कायम राहावेत, पण त्यांतील दोष दूर व्हावेत, यासाठी बदलाची ठराविक पद्धत आहे. कोणताही सहभागी उत्पादक बदलाची लेखी विनंती करू शकतो. कार्यगट तिची छाननी करतो. ती मान्य झाल्यास बदलाची सूचना निघते व पुढील आवृत्तीत तिचा समावेश होतो. उत्पादकाच्या अभियंत्याला खरा प्रभाव पाडता येतो तो येथे. प्रयोगशाळेतील मोजमापांसह मांडलेली विनंती मोठ्या कंपनीची नसली, तरी तिला वजन येते.

वादग्रस्त प्रसंगी तडजोड करावी लागते. केबलीवरील उलट दिशेच्या (ग्राहकाकडून केंद्राकडे जाणाऱ्या) प्रेषणासाठी दोन गटांनी दोन भिन्न पद्धती पुढे केल्या होत्या. २००१ च्या अखेरीस निघालेल्या डॉक्सिस २.० मध्ये दोन्ही घेतल्या गेल्या. त्यामुळे उलट दिशेच्या एका मार्गाची कमाल गती सेकंदाला सु. १० मेगॅबिटांवरून सु. ३० मेगॅबिटांपर्यंत वाढली. मात्र प्रत्येक मोडेममध्ये दोन्ही पद्धतींची सोय करावी लागली.

एकस्व व परीक्षण : सहभागाची किंमत मुख्यतः एकस्वाच्या (पेटंटच्या) रूपाने द्यावी लागते. डॉक्सिसच्या करारानुसार उत्पादक आपली आवश्यक एकस्वे इतर सहभागींना स्वामित्वशुल्काशिवाय वापरू देतो व त्यांची एकस्वे त्यालाही तशीच वापरता येतात. ज्याच्याकडे मोलाचे एकस्व आहे त्याला हा व्यवहार तोट्याचा वाटू शकतो. ज्याच्याकडे ते नाही त्याला बाजारपेठ खुली होते.

यानंतरची पायरी परीक्षणाची असते. उत्पादक प्रथम आपली उपकरणे प्रतिस्पर्ध्यांच्या उपकरणांशी जोडून पाहतात आणि मग शुल्क भरून ती प्रमाणनासाठी सादर करतात. मार्च १९९९ मध्ये तोशिबा व टॉमसन या कंपन्यांच्या मोडेमांना पहिली प्रमाणपत्रे मिळाली.

शासनाचा हस्तक्षेप : निर्णय एकाच पक्षाच्या हाती असला, म्हणजे दुसरा पक्ष शासनाकडे जातो. ग्राहकाला संच-पेटी बाजारातून विकत घेता यावी, अशी तरतूद अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार अधिनियमात करण्यात आली. दूरचित्रवाणी संचांचे उत्पादक व केबल चालक यांच्यात २००२ साली करार झाला आणि २००३ साली त्यावर आधारित नियम झाले. संचात बसवावयाचे संकेत-उकल कार्ड हे त्यांचे मुख्य साधन होते. तथापि ते फारसे रुजले नाही व २०२० साली त्याविषयीची बंधने काढून टाकण्यात आली.

भारत : केबल दूरचित्रवाणी जाल (विनियमन) अधिनियम, १९९५ यात, भारतीय मानक प्रसिद्ध झाल्यापासून तीन वर्षांनंतर त्याच्याशी न जुळणारी उपकरणे वापरू नयेत, अशी तरतूद करण्यात आली. ही मानके भारतीय मानक ब्यूरोच्या समित्यांत ठरतात. त्यांत उत्पादकांचे प्रतिनिधी असतात व मसुदे अभिप्रायांसाठी प्रसृत केले जातात. अंकीय प्रक्षेपणाची मूळ पद्धत मात्र यूरोपातील डीव्हीबी प्रकल्पातून आलेली आहे. मुंबईसह महानगरांत २०१२ साली अंकीय केबलीची सक्ती सुरू झाली, तेव्हा घरोघरी बसलेल्या संच-पेट्यांची मूलभूत रचना सु. दोन दशकांपूर्वीच अन्यत्र ठरलेली होती. मानक लिहिले जात असताना जो उत्पादक उपस्थित नसतो, त्याला पुढे दुसऱ्याने लिहिलेले नियम पाळूनच माल तयार करावा लागतो.