विलायती लिखा

१९९८ साली हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक अमेरिकेत पोचलं ते नाव बदलून. आतही खाडाखोड झाली होती: ‘जम्पर’ गेला नि ‘स्वेटर’ आला, ‘फुटबॉल’चं ‘सॉकर’ झालं. ते वाचून वाढलेले अमेरिकन चाहते पुढे स्वतःच हॅरीच्या गोष्टी रचू लागले, आणि त्यांच्या हॉगवर्ट्स शाळेत बेसबॉल नि थँक्सगिव्हिंग शिरायला लागलं. पात्रं ‘पँट्स’ घालून ऐटीत फिरायची. ब्रिटनमध्ये पँट्स म्हणजे आतली चड्डी, हे लेखकाच्या गावीही नसे.

मग ‘ब्रिटपिकिंग’ आलं. एखाद्या ब्रिटिश वाचकाला कच्चा मजकूर द्यायचा आणि त्याने केसातल्या लिखा वेचाव्यात तशा चुका वेचायच्या. मूळ शब्द ‘निटपिकिंग’. त्यातलं ‘निट’ म्हणजे लीखच.

सुरुवातीला हे काम शब्दांपुरतं होतं. मग वाद घरात शिरला. उत्तर इंग्लंडच्या कामगारवस्तीत दुपारचं जेवण ‘डिनर’ आणि संध्याकाळचं ‘टी’. पाहुण्याला ‘चहाला ये’ म्हणायचं आणि ताटात बटाटे-मटण वाढायचं! आईला दक्षिणेत ‘मम’, उत्तरेत आणि वेल्समध्ये ‘मॅम’. पण बर्मिंगहॅमकडे चक्क ‘मॉम’ म्हणतात, त्यामुळे तिथे दुरुस्ती करणाराच तोंडघशी पडायचा. सणही तपासले जायचे: नाताळच्या दिवशी फटाकड्या ओढायच्या, त्यातून निघालेला कागदी मुकुट आजोबांनीही डोक्यावर चढवायचा, तीन वाजता राजाचं वा राणीचं भाषण लावायचं. २६ डिसेंबरला फुटबॉल.

२०१० मध्ये बीबीसीची ‘शेरलॉक’ मालिका आली, तिच्याही चाहत्यांनी गोष्टी रचल्या आणि त्यात रग्बीचा गुंता आला. कॉनन डॉयलच्या मूळ गोष्टींतला शेरलॉकचा डॉक्टर मित्र वॉटसन ब्लॅकहीथ क्लबकडून खेळलेला, म्हणजे ‘रग्बी युनियन’वाला. शनिवारी खेळायला गेलं की खाणकामगाराचा रोज बुडायचा. त्या भरपाईच्या वादातून १८९५ मध्ये उत्तरेतले क्लब फुटून निघाले, त्यांचा खेळ पुढे ‘रग्बी लीग’ झाला. तेव्हा विगनच्या खाणकामगाराचा पोरगा आणि लंडनचा डॉक्टर यांना एकाच रग्बीच्या आठवणी देणं म्हणजे दोघांची जात न विचारता सोयरीक जुळवणं.

सगळ्यात सुरस शोध मात्र एका पोस्टरचा. हॅरीचा वर्गमित्र डीन थॉमस वेस्ट हॅम या फुटबॉल संघाचा भक्त, पोस्टर त्याचंच. हा मूळचा पूर्व लंडनमधल्या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांचा संघ, म्हणून बोधचिन्हात रिव्हेट ठोकायचे दोन हातोडे. पुस्तकातल्या भुताच्या पाचशेव्या मृत्युदिनावरून हिशेब लावला की हॅरीचं पहिलं वर्ष १९९१-९२ येतं. त्या हंगामात वेस्ट हॅम तळाला राहून खालच्या श्रेणीत ढकलला गेला, प्रीमियर लीगचा पहिलाच हंगाम त्यांना हुकला. चित्रं हलणाऱ्या जादूगारांच्या घरातला हॅरीचा मित्र रॉन मात्र त्या पोस्टरला बोटाने ढोसत असतो, ही माणसं हलत का नाहीत म्हणून.