वजन स्टोनमध्ये, डोस मिलिग्रॅममध्ये

लंडनमधल्या एखाद्या प्रसूतिगृहात बाळ जन्माला आले, की मिडवाइफ त्याला काट्यावर ठेवते आणि नोंद करते : ३.४ किलो. पुढे औषधाचा डोस आणि दर तपासणीतली वाढ याच आकड्याच्या आधाराने मोजली जाते. मात्र बाळाचा बाप स्वतःच्या आईला फोन लावतो तेव्हा सांगतो, ‘साडेसात पौंडांचा आहे.’ आजीला ३.४ किलोवरून बाळाचा अंदाज येत नाही. साडेसात पौंड म्हटले की लगेच येतो. बाळ एक, काटा एक. पण कागदावर एक वजन आणि घरात दुसरे.

ब्रिटनमध्ये हा दुहेरी हिशेब आयुष्यभर चालतो. पेट्रोल लिटरने भरायचे, पण गाडी किती ‘ॲव्हरेज’ देते ते मैल प्रति गॅलनमध्ये सांगायचे. दुकानात सफरचंदे किलोने, पबमध्ये नळाची बिअर पिंटने आणि त्याच पबमध्ये व्हिस्की २५ किंवा ३५ मिलिलिटरने. धावण्याची शर्यत पाच किलोमीटरची. तिथवर जाण्याच्या रस्त्यावर पाट्या मैलांच्या. हवामानाचा अंदाज सेल्सिअसमध्ये. पण उन्हाळा तापला की काही वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फॅरनहाइटचे शतक झळकते. ३८ पेक्षा १०० चा चटका जास्त बसतो ना!

बाहेरच्या माणसाला हे सारे गमतीचे वाटते. पण हेच आकडे दवाखान्यात पोहोचले, की गंमत संपते. माणूस आपले वजन एका मापात ओळखतो आणि त्याचे औषध दुसऱ्या मापात ठरते. या दोहोंच्या सांध्यावरच चूक होण्याची शक्यता असते.

मध्येच थांबलेला प्रवास

पौंड, गॅलन, यार्ड या मापांना १८२४ च्या कायद्याने एक ठरीव रूप मिळाले आणि ती ‘इम्पिरियल’ म्हणजे साम्राज्याची मापे झाली. मेट्रिक, म्हणजे दशमान पद्धत आणावी, हा विचारही तिथे बराच जुना. १८६२ मध्ये संसदेच्या एका समितीने तशी शिफारस केली होती आणि १८९७ च्या कायद्याने व्यापारात मेट्रिक मापे वापरण्याची मुभाही दिली. पण मुभा वेगळी आणि सक्ती वेगळी. लोक पौंड-औंसातच व्यवहार करत राहिले.

खरी हालचाल झाली १९६५ मध्ये. जगाच्या बाजारात माल विकायचा तर मापे जगाची हवीत, हे उद्योजकांच्या संघटनेने सांगितले आणि सरकारने मेट्रिककडे वळण्याचे जाहीर केले. मेट्रिक मापे युरोपने ब्रिटनवर लादली, असे तिथे आजही म्हटले जाते. ब्रिटन युरोपीय समुदायात गेले १९७३ मध्ये. म्हणजे निर्णय त्याच्या आठ वर्षे आधीचा. १९६९ मध्ये मेट्रिकेशन बोर्ड स्थापन झाले, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी चलन दशमान झाले, १९७४ पासून शाळांत मेट्रिक शिकवणे सुरू झाले. रस्त्यांवरच्या पाट्या बदलण्याचा बेत मात्र १९७० मध्येच बासनात गेला आणि १९८० मध्ये बोर्डही गुंडाळले गेले. गाडी अर्ध्या वाटेवर थांबली, ती थांबलीच.

भारताने वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये केला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू केली. शेर आणि मण काही वर्षांत बाजारातून गेले आणि ‘शेरास सव्वाशेर’सारख्या म्हणींपुरते उरले. ज्या देशावर इंग्रजांनी राज्य केले, त्याने हा बदल इंग्रजांच्या आधी पुरा केला.

ब्रिटनमध्ये पाकीटबंद वस्तूंवर मेट्रिकची सक्ती १९९५ मध्ये आली आणि सुट्या मालावर २००० च्या जानेवारीत. त्यानंतर सहाच महिन्यांत सुंदरलंड शहरातल्या स्टीव्हन थोबर्न या फळविक्रेत्याने पौंडाच्या काट्यावर केळी विकली म्हणून त्याच्यावर खटला झाला. २००१ मध्ये तो दोषी ठरला, २००२ मध्ये उच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. वृत्तपत्रांनी त्याला आणि त्याच्यासारख्या इतर दुकानदारांना ‘मेट्रिक हुतात्मे’ म्हटले. केळ्यांचा घड राजकारणाचा विषय झाला.

युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर जुनी मापे परत आणावीत का, हे सरकारने २०२२ मध्ये लोकांनाच विचारले. लाखाहून अधिक उत्तरे आली. त्यांतल्या ९८.७ टक्के लोकांनी खरेदी-विक्रीत मेट्रिकच मुख्य किंवा एकमेव माप असावे, असे सांगितले. कायदा होता तसाच राहिला. वाइन पिंटच्या बाटलीत विकायची परवानगी तेवढी मिळाली.

अंगात मुरलेले माप

मग लोक बोलताना फूट आणि पौंड का सोडत नाहीत? अज्ञान हे त्याचे कारण नाही. १९७४ नंतर शाळेत गेलेल्यांनी मीटर-किलोच शिकले आहेत, तरी स्वतःची उंची विचारली तर त्यांच्यातलेही अनेक फूट-इंचातच सांगतात. कारण शरीराची मापे मूल शाळेत शिकत नाही, घरात ऐकते. ‘सहा फुटी माणूस’ म्हटले की त्याच्यासमोर एक माणूस उभा राहतो. ‘१८३ सेंटिमीटर’ ऐकल्यावर आधी हिशेब उभा राहतो, मग माणूस.

महाराष्ट्राला हे नवे नाही. लग्नाच्या बायोडेटात उंची ‘पाच फूट चार इंच’ असते, सोने तोळ्यात बोलले जाते, जमीन एकर-गुंठ्यात आणि फ्लॅट चौरस फुटांत. भाजी किलोने घेणाऱ्यालाच हे सगळे ठाऊक असते.

वजनासाठी ब्रिटिश माणसाचे माप आहे स्टोन. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, अर्थात ६.३५ किलो. ‘अर्धा स्टोन उतरवला’ हे तिथे अभिमानाने सांगायचे वाक्य आहे. त्यामागे एका माणसाचे तीन-सव्वातीन किलोंचे कष्ट असतात.

खरे पाहता पौंड आता स्वतंत्र उरलेलाच नाही. १९६३ च्या ब्रिटिश कायद्याने यार्डाची व्याख्या मीटरवरून आणि पौंडाची किलोग्रॅमवरून केली. एक पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलो. म्हणजे स्टोनमध्ये वजन सांगणारा माणूसही शेवटी किलोच मोजत असतो, फक्त नाव जुने.

सांध्यावरचा धोका

औषधांच्या जगाने मात्र जुनी मापे ठामपणे सोडली. पूर्वी औषधविक्रेते ग्रेन, ड्रॅम आणि मिनिम वापरत. पाच ग्रेन म्हणजे सुमारे ३२५ मिलिग्रॅम. अमेरिकेतली ॲस्पिरिनची नेहमीची गोळी आजही ३२५ मिलिग्रॅमची असते आणि आपल्याकडच्या अनेक वेदनाशामक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल तेवढेच असते, ती त्या पाच ग्रेनचीच खूण. ब्रिटिश रुग्णालयात मात्र आता वजन किलोत, औषध मिलिग्रॅममध्ये आणि द्रव मिलिलिटरमध्येच लिहिले जाते.

हा आग्रह का, ते एका साध्या हिशेबात दिसते. दहा किलोच्या मुलाचे वजन पौंडांत होते २२. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम धरला, तर या मुलाला १५० मिलिग्रॅम पुरतात. पण आईने सांगितलेले ‘बावीस’ किलोच्या रकान्यात गेले, तर डोस निघतो ३३०, दुपटीहून जास्त. आईने खरेच सांगितले, नर्सने बरोबर ऐकले, गुणाकारही चुकला नाही. हरवले ते फक्त माप.

असा घोटाळा मेट्रिक मापांतही होतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. म्हणून ब्रिटनच्या डॉक्टरांसाठीच्या औषध-संदर्भपुस्तिकेत ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द संक्षेप न करता पूर्ण लिहावा, अशी सूचना आहे. इन्शुलिनच्या ‘युनिट’बाबतही तसेच, इंग्रजीत ‘यू’ हे एकच अक्षर लिहिले तर घाईत ते शून्य वाटू शकते आणि डोस दहापट होतो.

रस्त्यावरही हीच गोष्ट. ब्रिटनमध्ये पुलांची उंची फूट-इंचात लिहिलेली असे आणि युरोपातून येणारे ट्रकचालक मीटरमध्ये विचार करत. २०१५ पासून तिथे उंचीच्या नव्या पाट्यांवर दोन्ही मापे लिहिणे बंधनकारक झाले.

पिंटमध्ये किती दारू?

कमी धोक्याच्या मर्यादेत राहायचे, तर आठवड्याला १४ युनिटांपेक्षा जास्त मद्य घेऊ नये, असा ब्रिटनमधल्या आरोग्य अधिकाऱ्यांचा सल्ला आहे. एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पण पबमधला ग्राहक मोजतो पिंट. एक पिंट ५६८ मिलिलिटरची. बिअर चार टक्क्यांची असेल तर तीत २.३ युनिटे भरतात, ५.२ टक्क्यांची असेल तर जवळपास तीन. ‘रोज एकच पिंट’ म्हणणारा पहिल्या बिअरने आठवड्यात सोळा आणि दुसऱ्या बिअरने जवळपास एकवीस युनिटांपर्यंत पोहोचतो. ग्लास तोच, शब्द तोच. मर्यादा दोन्हीकडे ओलांडलेली.

वजनाचेही तसेच. १३ स्टोन ५ पौंड वजन आणि ५ फूट ८ इंच उंची असलेल्या माणसाला स्वतःचा बीएमआय तोंडी काढता येणार नाही, कारण ते सूत्र किलो आणि मीटरचे आहे. ८४.८ किलो आणि १.७३ मीटर असे केल्यावर उत्तर येते सुमारे २८.४. गोऱ्या ब्रिटिश माणसासाठी हे ‘जास्त वजन’. पण दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना मधुमेह व हृदयविकाराचा धोका कमी वजनातच सुरू होतो. म्हणून तिथे त्यांच्यासाठी स्थूलतेची रेषा ३० ऐवजी २७.५ वर धरतात. लंडनमधल्या मराठी माणसाने हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

इथून तिथे जाताना

मुलांकडे किंवा नातवंडांसाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी घरांना या मापांची गाठ पडतेच. गंमत म्हणजे तापाच्या बाबतीत जुने माप आपण धरून ठेवले आहे आणि ब्रिटिशांनी सोडले आहे. आजी म्हणते, ‘एकशे एक ताप आहे.’ तिथली आरोग्य हेल्पलाइन सेल्सिअसमध्ये विचारते. १०१ फॅरनहाइट म्हणजे ३८.३ सेल्सिअस. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तातडीने डॉक्टरांना गाठावे, असे तिथे सांगितले जाते. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट.

मधुमेहाचे आकडेही बदलतात. ही दोन्ही मापे मेट्रिकच आहेत, तरी गोंधळ तसाच. भारतातल्या रिपोर्टवर उपाशीपोटी साखर १२६ असेल, तर ब्रिटनच्या रिपोर्टवर ती ७ दिसते. आपल्या आकड्याला १८ ने भागले की तिथला आकडा मिळतो. एचबीएवनसी आपल्याकडे टक्क्यांत असते. तिथे २०११ पासून ते वेगळ्या मापात देतात. आपले ६.५ टक्के म्हणजे तिथले ४८. हे माहीत नसलेला माणूस ‘साखर सातवर आली’ म्हणून गोळी बंद करू शकतो किंवा ‘अठ्ठेचाळीस’ पाहून घाबरू शकतो.

उपाय सोपा आहे. डॉक्टरांना किंवा फोनवर आकडा सांगताना त्याच्यामागे माप जोडावे : ‘बावीस’ नव्हे, ‘बावीस पौंड’, ‘एकशे एक’ नव्हे, ‘एकशे एक फॅरनहाइट’. मुलाचे वजन किलोत लिहून जवळ ठेवावे. पातळ औषध घरातल्या चमच्याने न देता बाटलीसोबत आलेल्या मापाने किंवा सिरिंजने मिलिलिटरमध्ये द्यावे. साखर मोजायचे यंत्र परदेशातून आणले, तर पडद्यावर कोणते माप दिसते ते आधी पाहावे.

ब्रिटिश माणूस उद्याही पिंट मागवेल आणि नातवाचे वजन पौंडात सांगेल. त्यात बिघडत काहीच नाही. ज्याला जे माप समजते, त्याने त्यात बोलावे. फक्त दवाखान्याच्या दारात आकडा एकटा जाऊ देऊ नये.