उपनगरीय रेल्वे स्थानकांवरील स्वयंचलित उद्घोषणा : मराठी वाक्य आणि श्रवणाचा प्रश्न

प्रास्ताविक

मुंबईच्या उपनगरीय रेल्वेने नित्य प्रवास करणाऱ्या व्यक्तीच्या कानांवर दिवसभरात सर्वाधिक वेळा पडणारी औपचारिक मराठी ही बहुधा वृत्तवाहिनीची किंवा सभेची नसते. ती रेल्वेच्या उद्घोषणेची असते. वर्तमानपत्रांच्या मराठीवर, जाहिरातींच्या मराठीवर पुष्कळ चर्चा झाली आहे. फलाटावरील मराठीकडे मात्र भाषेचा नमुना म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात ही भाषा कशी घडते आणि ती ऐकणाऱ्यापर्यंत कितपत पोहोचते, याचा विचार करावयाचा आहे.

तुकड्यांचे वाक्य

पूर्वी उद्घोषक खोलीत बसून, समोरच्या नोंदीकडे पाहत ध्वनिक्षेपकावर सलग वाक्य बोलत असे. मध्य रेल्वेवर १९८० च्या दशकात उद्घोषिका म्हणून रुजू झालेल्या सरला चौधरी यांचा आवाज त्या पदावर नसतानाही स्थानकांवर ऐकू येत राहिला, कारण तोपर्यंत तो आवाज ध्वनिमुद्रित होऊन यंत्राच्या स्वाधीन झाला होता. येथे केवळ माणसाच्या जागी यंत्र आले असे नाही. वाक्य घडविण्याची रीतच बदलली. ‘फलाट क्रमांक’, ‘पाच’, ‘वर येणारी गाडी’, ‘कल्याण’, ‘जलद लोकल’ असे सुटे तुकडे साठवून ठेवावयाचे, गाडीच्या स्थितीची माहिती संगणकाकडे आली की साच्यातील रिकाम्या जागा त्या तुकड्यांनी भरावयाच्या, ही आजची पद्धत होय. एकच तुकडा शेकडो वाक्यांत वापरला जातो. त्यामुळे बोलण्यातील स्वाभाविक चढउतार तुटतो आणि स्थानकाचे नाव वाक्यात दुसऱ्याच कोणी आणून ठेवल्यासारखे वाटते.

ही पद्धत इंग्रजीला सहज मानवते. इंग्रजीत नामाचे रूप बदलत नाही. शब्दयोगी पद पुढे ठेवले की काम भागते. हिंदीतही ‘कसारा के लिए’ हे आज कोणाला खटकत नाही. मराठीत मात्र विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. कोणीही ‘कसाराला’ जात नाही, ‘कसाऱ्याला’ जातो. ‘ठाणेहून’ येत नाही, ‘ठाण्याहून’ येतो. ‘कसारा’ हा एकच तुकडा मुद्रित केलेला असेल, तर तो ‘कसाऱ्याला’ या रूपात बसविता येत नाही. त्यातून सुटण्यासाठी ‘ठाणे येथे’, ‘कसारा साठी’ अशी रचना केली जाते. पैकी ‘येथे’ ही कार्यालयीन मराठीत रुळलेली सोय आहे व ती व्याकरणदृष्ट्या सदोष नाही. ‘कसारा साठी’ मात्र तुकड्यांची शिवण उघडी पाडते. गाडीतील ‘पुढील स्टेशन, दादर’ ही घोषणा या अडचणीत सापडत नाही, कारण तीत नाव प्रथमेतच राहते. साधेपणामुळे ती स्पष्टही वाटते.

येथे शुद्धलेखनाचा आग्रह धरावयाचा नाही. ‘लोकल’, ‘स्टेशन’, ‘प्लॅटफॉर्म’ हे शब्द मुंबईकराचे आहेत. ते हटवून कोणाचेही भले होणार नाही. प्रश्न खर्चाचाही नाही. कल्याण, कर्जत, विरार, पनवेल, बदलापूर, अंधेरी, डहाणू या नावांना ‘ला’ किंवा ‘हून’ लावताना नाव जसेच्या तसे राहते. वेगळे सामान्यरूप लागते ते ठाणे, वांद्रे, कुर्ला, कसारा, टिटवाळा अशा मोजक्या नावांना. तेवढे जादा तुकडे मुद्रित करण्यास एक दुपार पुरेल. ते झाले नसेल, तर साचा आधी अन्य भाषेत तयार होऊन मराठीत नंतर उतरतो, असेच अनुमान निघते. संहितेवरून थेट वाणी निर्माण करणाऱ्या नव्या संगणकप्रणालींनीही हा प्रश्न आपोआप सुटणार नाही, कारण त्यांना पुरविलेला साचा तोच असेल तर दोषही तोच राहील.

ऐकू येणे आणि कळणे

अंकांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. शून्य ते एकोणसाठ मिनिटे सांगण्यास इंग्रजीत चोवीस तुकडे पुरतात. मराठीत प्रत्येक संख्येस स्वतंत्र शब्द असल्याने साठ लागतात. साठ तुकडे साठविणे यंत्रास जड नाही. कष्ट पडतात ते कानाला. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांचा आरंभ एकच. भेद शब्दाच्या शेवटी. बावीस आणि बत्तीस यांतील अंतरही गर्दीत पुसट होते. स्थानकांच्या नावांतही हे घडते. कल्याणपुढे मार्ग दुभंगतो : एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. दोन्ही नावांचा आरंभ ‘क’ने होतो. रात्रीच्या अखेरच्या गाड्यांच्या वेळी यांपैकी एक नाव चुकीचे ऐकले गेले, तर परतीची गाडी पहाटेपर्यंत मिळत नाही.

त्यात स्थानकाचे ध्वनिशास्त्र भर घालते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जवळच्या कर्ण्यापेक्षा ३४ मीटर अधिक दूर असलेल्या कर्ण्याचा तोच शब्द एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. सेकंदाला चार-पाच अक्षरे या गतीने हा विलंब जवळजवळ अर्ध्या अक्षराचा होतो, आणि आधीचे अक्षर पुढच्यावर सांडते. पत्र्याचे छप्पर व काँक्रीटचा पूल हा घोळ वाढवितात. वाक्य कितपत समजते हे मोजण्यासाठी ‘स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स’ हे शून्य ते एक असे मापन वापरतात व ०.५ ही किमान पातळी सामान्यतः धरली जाते. आवाज वाढविल्याने हा निर्देशांक वाढेलच असे नाही; पुष्कळदा प्रतिध्वनीच वाढतो. कमी आवाजाचे, जवळजवळ लावलेले अनेक कर्णे हा त्यावरील जुना व खात्रीचा उपाय आहे.

दादरचे उदाहरण बोलके आहे. ९ डिसेंबर २०२३ पर्यंत तेथे पश्चिम व मध्य दोन्ही रेल्वेंचा आपापला ‘फलाट क्रमांक एक’ होता. जोडपुलावर उभ्या असलेल्या प्रवाशास दोन्हीकडच्या घोषणा ऐकू येत, पण कोणता ‘एक’ हे घोषणा सांगत नसे. त्या दिवसापासून मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक मिळाले. आवाजाची गुणवत्ता न बदलता केवळ नामकरणाने घोषणा निःसंदिग्ध झाली.

संदिग्ध नामकरणाचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर १८ व्यक्तींचा बळी घेणाऱ्या चेंगराचेंगरीनंतर चर्चेत आले. ‘प्रयागराज’ हे नाव दोन गाड्यांत असल्याने उद्घोषणेनंतर गोंधळ झाला, असे दिल्ली पोलिसांच्या बाजूने प्रारंभी सांगण्यात आले. पुढे संसदेत दिलेल्या उत्तरात रेल्वेमंत्र्यांनी जिन्यावर एका प्रवाशाच्या डोक्यावरील ओझे पडल्याचे कारण नमूद केले. अशा दुर्घटनेचे कारण एकच नसते. तरी दोन गाड्यांचे आरंभीचे नाव एकच असेल, तर भेद दाखविणारा शब्द आधी उच्चारावा, एवढा धडा त्या वादाबाहेरही घेता येतो.

मराठीत महत्त्वाची माहिती क्रियापदाजवळ, वाक्याच्या अखेरीस येण्याकडे कल असतो. घोषणेत मात्र श्रोत्याला आरंभीच सावध करावे लागते. ‘कसारा. कसाऱ्याला जाणारी जलद लोकल, फलाट क्रमांक पाच. कसारा.’ अशा मांडणीत नाव तीनदा येते, सामान्यरूपही राखले जाते आणि वाक्य लांबत नाही. याउलट सावधगिरीच्या सूचना इतक्या वेळा वाजविल्या जातात की त्या कोणी ऐकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर येथे गाडी व फलाट यांमधील पोकळीत पडून एका विद्यार्थिनीला दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर फलाटांची उंची वाढविण्याच्या कामास वेग आला. अंतराकडे लक्ष देण्याची सूचना त्याआधीही दिली जात होती, पण सूचनेने पोकळी बुजत नाही.

डोळस प्रवाशाला चुकलेली घोषणा इंडिकेटरवर वाचता येते. दृष्टिहीन प्रवाशासाठी काही फलाटांवर दिव्यांगांच्या डब्याची जागा दाखविणारा बीप असा ध्वनी असतो. डबा कोठे येईल हे त्यावरून कळते; त्याच फलाटावर गाडी येणार आहे की नाही, हे कळत नाही. ऐन वेळी फलाट बदलला, तर त्याला ते फक्त उद्घोषणेतून कळू शकते, आणि फलाटाचा क्रमांक त्या वाक्यात अखेरीस आला तर जिन्यापर्यंत जाण्यासाठी उरलेला त्याचा वेळ तेवढाच कमी होतो.