हिमगौरीला जाग कशाने आली?

राजपुत्राच्या चुंबनाने, असं बहुतेक जण छातीठोकपणे सांगतील. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत मात्र चुंबन नाहीच. राजपुत्र बुटक्यांकडून काचेची शवपेटी मागून घेतो, ती वाहून नेताना नोकर झुडपाला अडखळतात आणि त्या हिसक्याने घशात अडकलेला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत तर याहून गंमत आहे. पेटी सारखी इकडून तिकडे नेऊन वैतागलेला एक नोकर मुलीच्या पाठीत धपाटा घालतो आणि ती जिवंत होते. प्रेमकथा म्हणून हे निराशाजनक आहे खरं, पण घशातला घास काढायला चुंबनापेक्षा धपाटाच बरा! चुंबनाने जागी होणारी ग्रिमची नायिका दुसरीच, शंभर वर्षं झोपलेली राजकन्या. हिमगौरीच्या नावावर चुंबन पक्कं बसलं ते वॉल्ट डिस्नेच्या १९३७च्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’मुळे.

या सिनेमातली चेटकीण मुलांना फार घाबरवते, ही तक्रार जुनी आहे. १९३८ साली ब्रिटनच्या सेन्सॉरने त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे मुलांसोबत मोठं माणूस हवंच. त्यावरून डिस्नेने साध्या गोष्टीत भीती घुसवली असं वाटतं. खरं तर त्याने ती बरीच सौम्य केली. ग्रिमची हिमगौरी जेमतेम सात वर्षांची. पहिल्या आवृत्तीत तिच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. ती सावत्र झाली १८१९ मध्ये. मुलीची समजून राणी रानडुकराची फुप्फुसं आणि यकृत शिजवून खाते आणि शेवटी तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचते. सिनेमातली राणी कड्यावरून पडते, तेही पडद्याआड. बुटक्यांना ग्रिमकडे नावंही नव्हती. चिडका, झोपाळू, शिंकरा अशी एकेकाची वेगळी ओळख हा चित्रपटाच्या गरजेतून आलेला भाग, आणि माझ्या मते सिनेमाचा खरा जीव तोच.

‘जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट’ हे ‘स्नो व्हाइट’चं बिरुदही तपासून घ्यावं. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानीने १९१७ मध्येच ‘एल अपोस्तोल’ हा राजकीय व्यंगपट केला होता. त्याची एकही प्रत उरलेली नाही. जर्मनीत लोटे रायनिगरचा, कागदी छायाकृतींचा ‘राजपुत्र अहमदची साहसं’ १९२६ मध्ये आला, तो आजही पाहता येतो. दृश्याला खोली यावी म्हणून तिने काचांचे थर एकावर एक रचले होते. डिस्नेचा मल्टिप्लेन कॅमेराही थरांच्याच तत्त्वावर चाले, आणि तोही आधी ‘द ओल्ड मिल’ या छोट्या चित्रपटात वापरून झाला होता. पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवलेला पहिला मोठा चित्रपट, एवढं श्रेय ‘स्नो व्हाइट’ला निर्विवाद द्यावं.

वॉल्ट डिस्नेने तो स्वतः रेखाटला असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गोष्ट ठरवणं, प्रसंग छाटणं, पैसा उभा करणं ही त्याची कामं. सिनेमाला सुमारे पंधरा लाख डॉलर खर्च आला; हॉलिवूडने याला ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हटलं होतं. दिग्दर्शनाची देखरेख डेव्हिड हँडकडे होती. हिमगौरी मुख्यतः हॅमिल्टन लस्क आणि ग्रिम नॅटविक यांच्या हातची. मार्ज बेल्चर या तरुण नर्तकीच्या हालचाली चित्रित करून चित्रकारांनी त्यांचा आधार घेतला. शाई आणि रंगाच्या विभागात बहुतेक स्त्रिया होत्या. हिमगौरीला आवाज देणाऱ्या अ‍ॅड्रियाना कॅसेलोटीचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं.

आणि या सिनेमाला मिळाली म्हणतात ती आठ ऑस्कर? स्पर्धेत एकही मिळालं नाही. १९३९ साली शर्ली टेंपलच्या हस्ते डिस्नेला मिळाला तो एकच विशेष सन्मान: एक नेहमीचा पुतळा आणि सात छोटे.