लाल दिव्याचा माग

सकाळी सहा

रीडिंग घ्यायचं तर पहाटेच. पाणी भरायची मोटार सुरू झालेली नसते, इस्त्री-मिक्सर बंद असतात आणि रात्रभर घराने किती वीज खाल्ली ते स्वच्छ दिसतं. आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, पण नागपुरात मे-जूनची बिलं वाटली गेली की ओळखीपाळखीतले लोक कागद घेऊन येतातच. आज महालातल्या एका जुन्या घरी जायचं होतं. घरात काकू आणि त्यांची नात, दोघीच. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात वापर होता 290 युनिट. यंदा 31 दिवसांत 640.

काकूंना आदल्या दिवशी फोनवर एकच काम सांगितलं होतं: रात्री दहाला मीटरचा फोटो काढा, सकाळी सहाला पुन्हा काढा. मधल्या आठ तासांत चालणार काय, तर एक कुलर, एक पंखा, फ्रिज. कुलर साधारण 200 वॉटचा धरला तर आठ तासांत 1.6 युनिट. पंखा आणि फ्रिज मिळून आणखी एक-सव्वा. म्हणजे तीनच्या आत काम भागायला हवं. सहा वाजता दुसरा फोटो आला. फरक 6.4 युनिट.

घरातली माणसं झोपलेली असताना साडेतीन युनिट कुठेतरी जात होते.

साडेसात

गल्लीत शिरलो तेव्हाच ऊन चढलं होतं. नवतपा संपला होता, पाऊस आला नव्हता. नागपूरकरांना जूनचे हे दिवस ठाऊक आहेत, अंगाची काहिली काही थांबत नाही. काकू दारातच उभ्या.

“पाहा ना सर, दोन माणसांचं घर अन् बिल कारखान्याचं! नात म्हणते मीटर बदलवून टाकू. शेजारचे म्हणतात भरूच नका. मी काय करू सांगा.”

“आधी चहा टाका काकू. तोवर मी बिल वाचतो.”

बिल वाचणं हा तपासाचा पहिला भाग आहे आणि बहुतेक घरांत तोच होत नाही. रक्कम पाहिली की कागद टेबलावर आपटला जातो. मी तीन गोष्टी आधी पाहतो. पहिली, बिलावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरवरचा क्रमांक एकच आहे का. दोन-चार बिऱ्हाडांच्या वाड्यात आणि फ्लॅट स्कीममध्ये मीटरची अदलाबदल होते, आणि मग एकाचा एसी दुसऱ्याच्या बिलात चालतो. दुसरी, रीडिंग खरंच घेतलं आहे की सरासरीने बिल काढलं आहे. तिसरी, बिल किती दिवसांचं आहे. दिवस जास्त असतील तर दराचे टप्पेही त्या प्रमाणात वाढवून दिलेत का, हे तपासावं लागतं.

इथे तिन्ही ठीक होत्या. क्रमांक जुळत होता, रीडिंगचा फोटो स्पष्ट होता, दिवस 31. शिवाय बिलावरच्या रीडिंगला बारा दिवस झाले होते आणि भिंतीवरचा आकडा तिथून 244 ने पुढे गेला होता. दिवसाला वीस युनिट. बिलातही दिवसाची सरासरी साडेवीसच निघत होती. म्हणजे रीडिंग चुकीचं लिहिलं गेलेलं नव्हतं. मीटर पळत होतं, आणि आजही पळत होतं.

काकूंना हे सांगताना जड गेलं. चूक कागदावर असती तर अर्ज करून काम भागलं असतं.

साडेआठ ते अकरा

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. काकूंच्या मीटरवर 3200 होतं. हा आकडा कळला की घड्याळ घेऊन कुणालाही स्वतःच्या घराचा भार मोजता येतो. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करायला लावत असे, कारण त्यात विश्वास ठेवण्यासारखं काही नाही, सगळं डोळ्यांना दिसतं.

नातीला घड्याळ घेऊन मीटरपाशी उभं केलं. घरातली सगळी बटणं बंद केली. फ्रिजचा प्लग काढला, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स काढला, राऊटर काढला, देवघरातला बारीक दिवासुद्धा. मेन स्विच मात्र चालू ठेवला. आता लाल दिवा स्थिर राहायला हवा.

“सर, हा तर चालूच आहे.”

“मोज.”

मिनिटाला चोवीस-पंचवीस. गणित तिलाच करायला सांगितलं. तासाला साधारण 1470 लुकलुक, भागिले 3200, म्हणजे 0.46 युनिट. सगळं बंद असलेलं घर 460 वॉट ओढत होतं. दिवसाचे अकरा युनिट, 31 दिवसांचे 340 च्या वर. गेल्या वर्षीच्या मेपेक्षा वाढलेले 350 युनिट जवळपास सगळे इथेच सापडले. रात्रीचे साडेतीनही हेच.

मग मेन स्विच पाडला. दिवा थांबला. याचा अर्थ मीटर आपोआप पळत नाही आणि मेन स्विचच्या आधी कुणी वायर जोडलेली नाही. वीजचोरीचा संशय शेजाऱ्यांवर घ्यायची घाई असते, म्हणून ही पायरी कधी वगळू नये. एका मिनिटात एका घरावरचा आळ मिटतो.

पुन्हा मेन चालू केला आणि एकेक एमसीबी पाडत गेलो. पुढची खोली पाडली, दिवा चालू. स्वयंपाकघर, चालू. माडी, चालू. मागच्या अंगणाची एमसीबी पाडली आणि लाल दिवा थांबला.

त्या एमसीबीवर दोनच गोष्टी होत्या. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेल्या कुलरचा सॉकेट आणि टाकीत पाणी चढवायच्या मोटारीचा बोर्ड. दोन्हींचे प्लग मी आधीच काढले होते. म्हणजे दोष यंत्रात नव्हता, वायरमध्ये होता. त्या एमसीबीच्या फेज आणि न्यूट्रल, दोन्ही वायरी क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात एकत्र धरल्या. जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखा असेल तर काटा शून्यावर राहतो. इथे दोन अँपिअर दिसले. दोन अँपिअर घरातून जात होते आणि न्यूट्रलवरून परत येत नव्हते. ते जमिनीत उतरत होते. 230 व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे 460 वॉट. लाल दिव्याने हेच सांगितलं होतं.

लोकांना वाटतं, न्यूट्रलवरून परत न आलेली वीज मीटर मोजणार कशी. पूर्वी लोक न्यूट्रल तोडून अर्थिंगवर दिवे लावायचे, त्याला आळा म्हणून आताची मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि जो प्रवाह जास्त त्यावर युनिट धरतात. त्यामुळे गळतीही बिलात येते.

अकरा

अंगणात दोन वर्षांपूर्वी फरशी बसवली होती. बोर्डाकडे जाणारी वायर फरशीखालून पाइपमधून नेलेली. कुलरची टाकी ओसंडली की पाणी तिथेच जिरत असे, आणि उन्हाळाभर कुलर अहोरात्र. फरशीच्या कडेचा तुकडा काढला तेव्हा पाइप फुटलेला निघाला, आत चिखल, आणि वायरचं आवरण एका ठिकाणी सोललेलं. हिवाळ्यात माती कोरडी असेल, गळती जाणवण्याइतकी नसेल. कुलर लागला आणि ओल आली.

मी काकूंना विचारलं, “अंगणात अनवाणी जाता?”

“तुळशीला पाणी घालायला रोजच.”

हे ऐकून मी त्या वायरीकडे पुन्हा पाहिलंच नाही, आधी ती मेन बोर्डातून सोडवून बाजूला केली. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा धक्का लागून माणसं दगावतात. ओली जमीन, लोखंडी बॉडी, जुनी वायर, अनवाणी पाय. दोन अँपिअर गळतीवर एमसीबी पडत नाही, कारण तिला तो साधा भार वाटतो. ती पडते ती शॉर्ट सर्किटला किंवा जादा भाराला. माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे: आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरचा. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहात एवढा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. काकूंच्या घरी तो नव्हता. असता तर गळतीच्या पहिल्याच दिवशी पडला असता आणि हे बिल आलंच नसतं.

दुपार

एक ते चार नागपुरात बाहेरचं काम करू नये. वायर आणायला पाठवलं आणि काकूंची बिलांची फाइल उघडली. जपून ठेवलेली बिलं ही मोठी दौलत असते. 2011 ते सप्टेंबर 2019 या काळातल्या बिलांवर एसएनडीएलचं नाव, कारण महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग तेव्हा या खासगी फ्रँचायझीकडे होते. नंतर पुन्हा महावितरण.

2020 चं पान आलं की मी थांबतोच. मार्चअखेर टाळेबंदी लागली, रीडिंग थांबलं, आणि आधीच्या महिन्यांच्या सरासरीने बिलं निघाली. ते महिने हिवाळ्याचे. नागपुरात हिवाळ्याची सरासरी एप्रिल-मेला लावणं म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या निम्मंही बिल नाही. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं आणि राहिलेले सगळे युनिट एकदम अंगावर आले. त्यात 1 एप्रिलपासून दरही बदललेले. राज्यभर ओरड झाली, नागपूरचेच नितीन राऊत तेव्हा ऊर्जामंत्री होते, हप्त्यांची सोय झाली. त्यातली बरीच बिलं हिशेबाने बरोबर होती, तरी लोकांचा राग खोटा नव्हता. रोजगार बुडालेल्या घरात तीन महिन्यांचा आकडा एका कागदावर येणं हे संकटच होतं.

घरगुती दराचे टप्पे आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500, त्यापुढे. पहिल्या टप्प्याच्या मानाने दुसऱ्यातला वीज आकार दुपटीहून जास्त, तिसऱ्यातला तिपटीच्या आसपास. त्यावर वहन आकार, स्थिर आकार, आणि 16 टक्के वीज शुल्क. काकूंचे युनिट वाढले सव्वादोनपट, रक्कम जवळपास तिप्पट. गळतीचे युनिट सगळे वरच्या, महागड्या टप्प्यांत गेले. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं या शहराच्या वेशीवर आहेत, राख आणि धूर इथेच. जिथे उन्हाळ्यात कुलर ही चैन नाही तिथे मे महिन्यालाही जानेवारीचेच टप्पे लावणं मला अन्यायाचं वाटतं. नियामक आयोगाच्या सुनावणीत विदर्भातल्या ग्राहकांनी हे लेखी मांडलं पाहिजे.

साडेचार

नवी वायर, नवा पाइप, या वेळी जमिनीखालून नाही, भिंतीवरून. ओळखीच्या परवानाधारक वायरमनने जोडणी केली, मेन स्विचनंतर आरसीसीबी बसवला, कुलरच्या घोडीला अर्थिंग दिलं. त्याने टेस्टचं बटण दाबून आरसीसीबी पडतो हे काकूंना दाखवलं.

मीटरची परीक्षा राहिली होती, कारण नातीच्या मनातली शंका गेली नव्हती. बादलीत 1000 वॉटचा पाणी तापवायचा रॉड टाकला, बाकी सगळं बंद. पूर्ण 230 व्होल्ट असते तर मिनिटाला 53 लुकलुक हवी. घरात 225 व्होल्ट होते, म्हणून 51 ची अपेक्षा. तिने मोजली, 51 आली.

“मीटर बरोबर आहे,” ती स्वतःच म्हणाली.

सहा

शेजारचे दोघे-तिघे जमले. दोष मीटरमध्येच निघाला असता तर काय, हा त्यांचा प्रश्न. तोही महत्त्वाचा, कारण पुष्कळ वेळा दोष ग्राहकाचा नसतो.

तक्रार तोंडी करू नये. लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, किंवा 1912 वर नोंदवून क्रमांक लिहून ठेवावा. मीटर तपासणीची मागणी करावी. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतल्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे तक्रारीनंतर पाच दिवसांत शेजारी दुसरं मीटर लावून किमान तीन महिने वापर पडताळायची तरतूद आहे. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 56 सांगतं की पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा चालू ठेवावा लागतो. ‘भरूच नका’ हा सल्ला म्हणून धोक्याचा. निषेध नोंदवून भरावं. महावितरणकडे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. लोकपालांचं एक कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

साडेसात

घरातलं सगळं पुन्हा बंद केलं, मेन चालू. लाल दिवा स्थिर.

काकूंना बिल पूर्ण भरावं लागणार. वीज खरोखर त्यांच्या मेन स्विचमधून गेली होती, जमिनीत गेली तरी. हप्त्यांचा अर्ज लिहून दिला.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी आरसीसीबी आहे का ते पाहा. असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा. नसेल तर कुलर लावण्याआधी परवानाधारक वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचा बसवून घ्या.