अत्तराचा फाया, तेलाचा थेंब

दिल्लीतल्या चांदणी चौकातून दरिबा कलांत वळलं, की गुलाबसिंह जोहरीमल यांचं अत्तराचं दुकान लागतं. ते 1816 सालचं. तिथून खारी बावलीलगतच्या तिलक बाजारात गेलं, तर सुवास घाऊक विकले जातात: निलगिरी, लवंग, दालचिनी, गवती चहा. अभ्यंगाच्या तेलाला वास हवा म्हणून दिल्लीकर मराठी माणूसही इथे येतो.

पण या दोन गल्ल्यांतला माल एक नाही. कनौजच्या देग-भपक्यात (ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांत) फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या अत्तरात अर्क आधीच दुसऱ्या तेलात मुरलेला असतो. तोही कापसाच्या फायावर घेऊन कानाच्या पाळीत खोचायचा. तिलक बाजारच्या बाटलीत मात्र निव्वळ अर्क असतो. तो सौम्य करण्याचं काम आपलं, आणि नेमकं तेच राहून जातं.

एक मिलिलिटर म्हणजे साधारण 20 थेंब. अंगाला 1 टक्का पुरे, म्हणून मी 30 मिलिलिटर तिळाच्या तेलात वाळ्याचे 6 थेंब मोजून घालते आणि दोन दिवस आधी कोपराच्या आत लावून पाहते. बादलीत थेंब टाकण्याची पद्धत चुकीची आहे. अर्क पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतो आणि तसाच अंगाला चिकटतो. आधी तेल, मग ऊन पाणी हा अभ्यंगाचा क्रमच बरोबर. दालचिनीच्या सालीचं तेल अंगाला लावूच नये, त्वचा भाजल्यासारखी होते. दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. उघडून बरेच महिने झालेलं टी ट्री तेलही टाकून द्यावं. हवा लागून त्याची ॲलर्जी वाढते.

मला खरी धास्ती वाटते ती निलगिरी आणि कापराची, कारण ती घरचीच वाटतात. दिल्लीच्या थंडीत बाळाचं नाक चोंदलं, की कुणीतरी कापराची पुरचुंडी पुढे करतंच. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाशी कापूर किंवा मेंथॉल नेऊ नये, श्वास अडकू शकतो. चमचाभर निलगिरी पोटात गेली तरी मुलाला झटके येऊ शकतात. मोठेही यातून सुटत नाहीत. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत झटके आलेल्या 350 प्रौढांपैकी 55 जणांचा संबंध अशा तेलांशी आढळला. तेल पोटात गेलं तर उलटी काढू नका, ते फुप्फुसात उतरतं. थेट रुग्णालय गाठा. एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र फोनवरही सल्ला देतं.

दिवाळीनंतरच्या धुरक्यात घरोघरी डिफ्युझर लागतात. त्यांनी हवेतला एकही कण कमी होत नाही. उलट लिंबू-संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन ओझोनशी मिळून फॉर्माल्डिहाइड आणि नवे सूक्ष्म कण तयार करतं. घरात तान्हं बाळ, दमेकरी किंवा फिट येणारं माणूस असेल, तर डिफ्युझर बंदच ठेवावा.